तिकिटावरचे सहा तास

न्यूयॉर्क आमच्या भिवंडीतल्या नारपोलीपासून सहा तासांवर आहे, असं मी सगळ्या आळीला सांगितलं होतं. आळीने ते मानलंही. कारण वाचण्या-समजण्याचं कुठलंही काम आमच्या आळीत माझ्याकडेच येतं. मी शिकले सातवीपर्यंत, पण पुढचं सगळं आपलं आपण शिकले. एस्टीचं वेळापत्रक, पंचांग, रेशनचा फॉर्म, औषधाच्या चिठ्ठीवरचं डॉक्टरचं अक्षर, काहीही आणा, मी वाचून दाखवते. डॉक्टरचं अक्षर तर खुद्द केमिस्टने मला विचारलेलं आहे! तेव्हा विमानाचं तिकीट ते काय?

आमची लेक सुषमा लग्न होऊन न्यूयॉर्कला गेली त्याला आठ वर्षं झाली. तिने वडलांना बोलावलं. मलाही बोलावलं होतं, पण माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डॉक्टर म्हणाले, इतका वेळ बसायचं नाही. मी म्हटलं, "अहो डॉक्टर, सहा तास तर मी भजनाला बसते!" ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, भजनाचं ऐकून चकित झाले.

आता हे सहा तास कुठून आले ते सांगते. तिकीट भिवंडीतल्याच एजंटने काढून दिलं. त्यावर लिहिलं होतं, मुंबईहून निघणार रात्री दीड वाजता, न्यूयॉर्कला पोचणार सकाळी साडेसात वाजता. साडेसातातून दीड गेले, राहिले सहा. यात चूक काढून दाखवा! खाली अंतरही लिहिलं होतं, साडेबारा हजार किलोमीटर. पण त्याच्याकडे मी लक्ष दिलं नाही. आमच्याकडे अंतर किलोमीटरात कोणी मोजतच नाही. ठाणं किती लांब, असं विचारलंत तर आम्ही विचारणार, "मानकोलीला ट्रॅफिक आहे का?" नसेल तर ठाणं अर्ध्या तासावर. असेल तर डबा घेऊन निघा.

माझ्या हिशेबाला साक्षीदारही मिळाला. बाजूच्या जुबेदाभाभी. त्यांचे करीमभाई लूमचा धंदा सुरू करण्याआधी बारा वर्षं दुबईला होते. मी भाभींना विचारलं, "दुबईला किती वेळ लागतो हो?"

"तीन घंटे."

"आणि अमेरिका दुबईच्या पुढे ना?"

"पुढेच असेल. अलीकडे असती तर आमचे तिकडेच गेले असते."

झालं! तीन तास दुबई, तीन तास पुढचे. मी निश्चिंत झाले.

निघायच्या दिवशी हे संध्याकाळी पाचलाच घराबाहेर पडले. माझे दीर बाळारामभावजी त्यांना गाडीने सोडायला. आमच्या ह्यांनी त्या दिवशी मला इतकं पिडलं की विचारू नका! बॅग तीनदा भरली, चारदा उपसली. सुका जवळा, म्हणजे ती बारीक सुकी कोलंबी, पुडीतून पुडीत गेला आणि शेवटी स्वेटरच्या बाहीत बसला. चष्मा सापडेना म्हणून घर पालथं घातलं, तो डोक्यावर होता. शेवटी मी वैतागून म्हटलं, "जा बाबा एकदाचे! निदान दोन महिने तरी हे तोंड बघायला नको!"

बोलून गेले. असं आम्ही रोजच बोलतो. पण ते गाडीत बसताना नेहमीसारखं उलटून बोलले नाहीत, नुसता हात हलवला. हे मी तेव्हा मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी घेतलं.

साडेसहाला भावजींचा फोन. "वयनी, आमी मानकोलीन हाव."

आठला फोन. "वयनी, अजून मानकोलीनच हाव. पण आता पुलावर हाव."

विमानतळाला पोचले पावणेनऊला. नारपोली ते विमानतळ, पावणेचार तास. मग अमेरिका सहा तासांत होणं काय कठीण? आकाशात मानकोली नाका थोडाच आहे!

सकाळी मी पाचला उठले, देवापाशी दिवा लावला, आणि साडेसातला फोन हातात घेऊन ओट्यावर बसले. आमच्या साडेसातला तिकडे रात्रीचे दहा वाजतात, हे मला चांगलं ठाऊक होतं बरं का! आठ वर्षं लेकीशी बोलते आहे मी. म्हटलं, रात्री दहाला उतरतील, पोर घ्यायला येईल, घरी जाऊन गरम वरणभात खाऊन झोपतील. म्हणजे दोन्हीकडची घड्याळं वेगळी असतात हे मला माहीत होतं. ते तिकिटालाही लागू होतं एवढंच माहीत नव्हतं. तिकीट भिवंडीत काढलेलं, म्हणजे त्यावरचं घड्याळ भिवंडीचंच असणार ना?

आठ वाजले. ह्यांचा फोन बंद. साडेआठ. बंद. सुषमाला लावला. घंटा वाजते आहे, वाजते आहे, उचलत कोणी नाही. परत लावला. परत तेच. जावईबापूंचा नंबर माझ्याकडे नव्हता. जावयाशी आम्ही बोलतो ते लेकीच्या फोनवर, तेही डोक्यावर पदर घेऊन. (सुषमाला पहाटे लवकर उठून विमानतळावर जायचं होतं म्हणून ती फोनचा आवाज बंद करून गाढ झोपली होती. हे मला संध्याकाळी कळलं.)

साडेनऊला मी जुबेदाभाभींना हाक मारली. "भाभी, विमान दोन तास झाले पोचून. बाप फोन घेत नाही, लेकही घेत नाही."

भाभींनी लाटणं तसंच हातात घेऊन येऊन विचारलं, "दोघंही?"

त्या 'दोघंही'ने घात केला! तोपर्यंत मी फक्त काळजीत होते. आता घाबरले. आणि कानात माझंच वाक्य वाजायला लागलं, हे तोंड बघायला नको. अहो, कुठल्या मुहूर्तावर बोलले मी! बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझं एक वाक्य मानलं नव्हतं, आणि मानायला त्यांना हेच सापडावं?

भाभींनी बाळारामभावजींना निरोप दिला. भावजी म्हणजे कामाचा माणूस. शेतावर गोदामं बांधून पार्सलवाल्या कंपनीला भाड्याने दिलीत, तेव्हापासून देशातली कुठलीही वस्तू आपण शोधून काढू शकतो असा त्यांचा समज आहे. आले तेच म्हणत, "वयनी, रडू नको. त्या गोदामान पार्सल कुठं हाय ते मिनिटान कळतं. मग माणूस कसा न्हाय कळनार? नंबर दे!"

मी तिकिटावरचा नंबर दिला. भावजींनी गोदामाच्या सुपरवायझरला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

पलीकडून प्रश्न आला, "माल काय आहे?"

"माझा भाऊ!"

"वजन?"

"पंच्याहत्तर-ऐंशी किलो आसंल."

"कुठून निघालाय?"

"नारपोली."

थोडा वेळ खटखट वाजत राहिली. मग तो म्हणाला, "काका, हा आपल्याकडचा माल नाही. आणि असता तरी नारपोलीचा पिकअप आज झालेलाच नाही."

भावजींनी फोन खाली ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "रेकॉर्डलाच न्हाय तो."

एवढं पुरे झालं. अकरा वाजेपर्यंत आळी जमली. बारापर्यंत शेजारच्या दोन आळ्या. भावजींच्या बायकोने, माझ्या जाऊबाई सुलोचनाने, मोठी किटली भरून चहा आणला आणि माझ्या स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला. आता ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांना सांगते, घरात कोणी गेलं की त्या घरात चूल पेटवत नाहीत, चहा-जेवण शेजारपाजारचे आणतात. मी ओरडले, "सुलोचना, गॅस का बंद केलास? माझी डाळ होती त्यावर!"

"ऱ्हाऊ दे बाय. आज तू काय करू नको."

"अगं पण काही झालेलं नाहीये अजून!"

"न्हाय ना. म्हनूनच सांगतंय, तू निस्ती बस." असं म्हणून तिने मला भिंतीला टेकवून बसवलं आणि स्वतः शेजारी बसून डोळ्यांना पदर लावला. "तुझ्या मालकांना जवला किती आवडायचा गो!"

"आवडायचा काय? आवडतो! पाव किलो घेऊन गेलेत!"

"संगती घेऊन गेले," सुलोचनाने जमलेल्या बायकांना सांगितलं आणि सगळ्याजणी हुंदके द्यायला लागल्या. स्वेटरच्या बाहीतल्या जवळ्यासाठी एवढं कोणी रडलेलं मी पाहिलं नाही.

मी म्हणत होते, टीव्ही लावा, काही झालं असेल तर टीव्हीवर येईल. टीव्ही लावला. टीव्हीवर काहीच नव्हतं. तर एक लांबचे मामा म्हणाले, "दडवतात. अशा गोष्टी लगेच सांगत नाहीत." झालं! आता टीव्हीवर बातमी नसणं हाच पुरावा झाला.

त्यात माझा फोन. तो एक क्षण रिकामा नाही. पडघ्याची नणंद, कल्याणचे व्याही, वीस वर्षं बोलणं टाकलेली चुलतसासू, सगळे त्याच फोनवर. "कसं झालं गं?" "कधी कळलं?" मी सांगून सांगून दमले की काही कळलेलं नाही. मग फोन भावजींनी घेतला. ते काही न सांगता नुसते 'हां... हां... देवाची मर्जी' म्हणायला लागले. मी कपाळावर हात मारला. पण खरं सांगू? तीन वाजता मीही तिकडेच पोचले होते. सगळं गाव रडत असताना आपण एकट्यानेच 'काही झालेलं नाही' म्हणत किती वेळ बसणार? मी उठून त्यांचा खुंटीवरचा सदरा काढला, मांडीवर घेतला आणि त्याची घडी घालत बसले. तुटलेलं बटण लाव म्हणून पंधरा दिवस मागे लागले होते. मी म्हणत होते, उद्या. मग सुई-दोरा मागवला आणि ते बटण लावलं. डोळ्यांत पाणी, त्यामुळे लागलं ते दुसऱ्याच काजासमोर.

साडेपाचला करीमभाई कारखान्यातून आले. दारात चपलांचा ढीग बघून दचकले. भाभींनी सगळी हकिकत सांगितली. ते ऐकून घेऊन माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "भाभी, जरा टिकट दाखवा."

मी दाखवलं. त्यांनी बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग परत तिकिटाकडे.

"भाभी, बारा हजार किलोमीटर सहा तासांत? हे विमान आहे की बंदुकीची गोळी?"

"मग तिकिटावर खोटं लिहितील का?"

"खोटं नाही. निघायचा टाइम इथल्या घड्याळाचा. पोचायचा टाइम तिथल्या घड्याळाचा."

"एकाच कागदावर दोन घड्याळं? असं कसं चालेल?"

"असंच चालतं. तिथे सकाळचे साडेसात म्हणजे आपले संध्याकाळचे पाच. साडेपंधरा तासांचा सफर आहे. भाईसाहेब आत्ता अर्ध्या तासापूर्वी उतरले असतील. लाइनीत उभे असतील पासपोर्ट घेऊन."

घरातले सगळे तिकिटावर वाकले. चाळीस माणसं होती. कोणाचा हुंदका अर्ध्यात अडकला. सुलोचनाने पदर डोळ्यांवरून खाली घेतला, आणि मला दिसलं की ती खूप वेळापासून कोरडी होती.

मी म्हटलं, "मग सुषमा फोन का घेत नाही?"

करीमभाई म्हणाले, "तिचा आता येत असेल. पण लागणार कसा?" आणि त्यांनी भावजींच्या हातातून माझा फोन काढून घेतला, चालू असलेलं बोलणं कापलं (डोंबिवलीची मावससासू मध्येच राहिली) आणि तो माझ्यासमोर ठेवला. "कोणी हात लावायचा नाही."

मोजून दोन मिनिटं गेली. फोन वाजला. सुषमा! मी उचलला, आणि माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आधी पलीकडून ह्यांचाच आवाज.

"अगं... तू आहेस ना?"

मी म्हटलं, "अहो, तुम्ही आहात ना?"

"मला काय झालंय? मी बाहेर येतोय तर ही पोरगी रडतेय! म्हणते, आईचे चौतीस मिस कॉल आहेत, अडीच तास फोन लावतेय तर लागतच नाही, नक्की आईला काहीतरी झालं! मी इथे खाली बसलो गं. बॅगेवरच बसलो."

म्हणजे बघा, इकडे मी त्यांच्यासाठी रडत होते आणि तिकडे ते माझ्यासाठी. मध्ये साडेबारा हजार किलोमीटर. दोन्ही टोकांना माणसं धडधाकट! मला इतकं बोलायचं होतं. काल मी जे बोलले ते मनापासून नव्हतं, असं सांगायचं होतं. पण समोर चाळीस माणसं कान टवकारून बसलेली. तोंडातून निघालं ते असं: "इतका वेळ कुठे होतात?"

"विमानात!"

"जेवलात का?"

"चारदा दिलं."

"बरं. सदऱ्याचं बटण लावलंय." आणि मी फोन ठेवला.

मग काय, सुलोचनाने गॅस पेटवला आणि मला चाळीस माणसांचा चहा करावा लागला. रडायला आलेली माणसं तशीच कशी जाऊ देणार? जाताना ते लांबचे मामा म्हणाले, "नक्की पोचलेत ना? का तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगतात?"

दोन महिने आळीत मला कोणी सुखाने जगू दिलं नाही. किती वाजले असं विचारलं तरी विचारणारा पुढे जोडायचा, "इथले सांगा हां!" ते जाऊ दे. पण मी मनाशी ठरवलं होतं, जाताना जे बोलले ते बोलले, येताना त्यांचं असं स्वागत करायचं की त्यांनी जन्मभर आठवण काढावी. विमानतळावर स्वतः जायचं, हार घेऊन. घरी दारात ओवाळायचं. जिताडं मासा आणून त्याचं कालवण करायचं. आणि त्यांनी कितीही पिडलं तरी एक वाकडा शब्द काढायचा नाही.

परतीची वेळ सुषमाने फोनवर सांगितली. "आई, इथून सकाळी साडेअकराला निघतील, मुंबईला दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला पोचतील. कळलं ना?"

"मला कळतं आता," मी म्हटलं. करीमभाईंना विचारायची गरजच नव्हती, त्यांची शिकवणी मला पाठ होती. अमेरिकेहून सांगितलेली वेळ अमेरिकेची. तिचे दुपारचे साडेबारा, त्यात साडेनऊ तास मिळवा, आपले रात्रीचे दहा. एकदा फसले म्हणून दरवेळी फसेन काय? मी भावजींना सांगितलं, गाडी संध्याकाळी पाचला काढा. आळीला सांगितलं, रात्री दहा. सगळ्यांनी मान डोलावली. या वेळी बाईने बरोबर गणित केलं, असं एकमेकांना म्हणाले.

त्या दिवशी दुपारी मी घराला कुलूप घातलं, फोन चार्जिंगला आतच ठेवला आणि सुलोचनाला घेऊन जिताडं आणायला गेले. चांगलं मोठं मिळालं. हारही घेतला, शेवंतीचा. चार वाजता आळीत शिरले तर माझ्या ओट्यावर दोन बॅगा. त्यातल्या एकीवर आमचे हे, अंगात स्वेटर, हातात जुबेदाभाभींच्या घरचा चहा आणि खारी. चेहरा पार उतरलेला.

मला बघून ते उठले. कप हातात तसाच.

"दीड तास विमानतळावर उभा होतो," ते म्हणाले. "कोणी नाही. माझा फोन बंद पडलेला. तिथल्या एका माणसाच्या मोबाइलवरून फोन केला, तू उचलत नाहीस. टॅक्सी करून आलो तर दाराला कुलूप. अगं, मला वाटलं, या वेळी खरंच तुला काहीतरी झालं."

माझ्या एका हातात जिताडं, दुसऱ्यात हार. किती छान छान वाक्यं मी दोन महिने तयार केली होती! ती सगळी घशापर्यंत आलीही होती. पण सगळी आळी दारात येऊन उभी राहिलेली, सुलोचना तोंडाला पदर लावून हसत असलेली, आणि करीमभाई चष्मा पुसून माझ्याकडे बघत असलेले. मी हार घाईघाईने त्यांच्या गळ्यात टाकला आणि म्हटलं,

"मला काय होणार? तुम्हीच साडेनऊ तास लवकर आलात!"